बिडी : गरिबाचा विसावा कीं गरिबावरील कर ?

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत शेतकरी व मजूर मंडळींपुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



 ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून व्याख्यानाचा विषय अगोदरच पुकारला गेल्यामुळें कांहीं लोक आलेच नाहींत. आणि जे आले त्यांतील कांहीं जण कुंपणाबाहेर पिंपळाखालीं उभे आहेत. त्यांच्या हातांतल्या ठिणग्या आम्हांस येथून दिसत आहेत. त्यांनीं आंत यावेंच असा आमचा आग्रह नाहीं. तेथूनच ऐकावें, पण शेवटपर्यंत ऐकावें, एवढीच विनंती आहे.

व्यसनी माणसास शिव्या देणें हें फार सोपें काम आहे. पंख्याखालीं बसून लिहिणारे पुष्कळ विद्वान् तें काम नित्य करीत असतात. 'अडाणी लोक, पैसे धुरांत उडवितात' असें म्हटलें कीं त्यांचें कर्तव्य संपलें. आम्ही शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलों, अध्यापक विद्यालयांत मराठींतूनच शिकून मास्तर झालों. परंतु उसाच्या फडांत व वीटभट्टीवर राबणारीं माणसें आम्हीं लहानपणापासून जवळून पाहिलीं आहेत. तेथें एक गोष्ट कोणासही दिसेल. कामावरचा गडी नुसता बसला, तर मुकादम ओरडतो : 'बसलास काय ?' पण त्याच गड्यानें कानावरची बिडी काढून पेटविली, तर मुकादम गप्प राहतो. कित्येकदां स्वतःही एक मागून घेतो. बिडी पिणारास पांच मिनिटें मिळतात, न पिणारास मिळत नाहींत. पंधरासोळा वर्षांचा पोरगा फडावर येतो, चार दिवस हें पाहतो, आणि पांचव्या दिवशीं बिडी मागतो. त्यास धूर नको असतो, त्यास बसावयाचें असतें. पुढें सहा महिन्यांनीं बसावयास मिळो वा न मिळो, धूर मात्र लागतोच. आमच्या कष्टकरी वर्गांतील बिडीचें मूळ आम्हांस येथें दिसतें. जो विसावा माणसाच्या हक्काचा, तो त्यानें आपलें फुफ्फुस देऊन विकत घ्यावा, हा सौदा ठरविला कोणीं ?

कोणी म्हणतात, तंबाखू ही वाडवडिलांची चाल आहे, ती कशी मोडावी ? ही समजूत खोटी आहे. तंबाखूचें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें. तें पोर्तुगीज लोकांनीं इकडे आणलें. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळीं या देशांत तंबाखूचें एक पानही नव्हतें. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा असदबेग नांवाचा वकील विजापुरास आला होता. परत जातांना त्यानें नवलाची वस्तु म्हणून तंबाखू व ती ओढण्याची सुंदर नळी बादशहास नेऊन दिली. बादशहानें दोनचार झुरके घेतले. हकिमानें सांगितलें कीं, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा कोठेंच उल्लेख नाहीं, तेव्हां ती घेऊं नये. बादशहानें ऐकलें, दरबारच्या उमरावांनीं ऐकलें नाहीं. पुढें जहांगीरानें इ. स. १६१७ मध्यें बंदीचें फर्मान काढलें, पण तें कागदावरच राहिलें. बिडी तर याहूनही अलीकडची. तेंदूच्या, म्हणजे आमच्याकडे ज्यास टेंभुर्णी म्हणतात त्या झाडाच्या पानांत तंबाखू वळून विकण्याचा धंदा विसाव्या शतकांत फोफावला. स्वदेशीच्या चळवळींत तर विलायती सिगारेट टाकून बिडी ओढणें कित्येकांस देशाभिमानाचें लक्षण वाटलें. धूर विलायती कीं स्वदेशी, हा भेद फुफ्फुसास कळत नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं, सिगारेट वाईट, बिडी आपली साधी, झाडपाल्याची, ती काय बाधणार ? बिडींत तंबाखू सिगारेटीच्या सुमारें पाव हिश्शाइतकीच असते, हें खरें. परंतु टेंभुर्णीच्या पानांतून बाहेरची हवा आंत शिरत नाहीं, आणि बिडी सारखी विझूं पाहते. ती विझूं नये म्हणून माणूस लवकर लवकर व जोरानें झुरके घेतो. परिणाम असा होतो कीं, त्या चिमूटभर तंबाखूंतून निकोटिन, डांबरासारखा चिकट अंश आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु, हे तिन्ही पदार्थ सिगारेटीहून कमी नव्हे, तर पुष्कळदां अधिकच छातींत जातात. हा विषारी वायु रक्तांतील तांबड्या कणांस प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. म्हणजे ज्या गाडीनें धान्य न्यावयाचें, तिच्यांत अगोदरच धोंडे भरून ठेवल्यासारखें झालें. बैल तेवढेच राबणार, घरीं धान्य मात्र कमी येणार. चाळिशींतल्या गड्यास बांध चढतांना दम लागतो, तेव्हां तो म्हणतो, 'आतां वय झालं गुरुजी.' अहो, चाळीस हें काय वय झालें ? मुंबईंत हजारों माणसांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवून केलेल्या पाहणींत बिडी पिणाऱ्यांचें मृत्यूचें प्रमाण सिगारेट पिणाऱ्यांहून कमी आढळलें नाहीं. 'साधी' बिडी ती ही.

हें शास्त्र आलें कोठून, असें कोणी विचारील. विलायतेंत छातीचा कर्करोग झपाट्यानें वाढूं लागला, तेव्हां रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या दोघांनीं लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांस बारकाईनें प्रश्न विचारले. डॉल यांस प्रथम संशय होता रस्त्यांवरच्या डांबराचा व मोटारींच्या धुराचा. पण उत्तरें मोजतां मोजतां बोट तंबाखूकडे वळलें, आणि तें पाहून त्यांनीं स्वतः धूम्रपान सोडून दिलें. इ. स. १९५० मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. इ. स. १९५१ मध्यें त्यांनीं विलायतेंतील डॉक्टरांसच पत्रें धाडलीं. सुमारें चाळीस हजार डॉक्टरांनीं आपल्या संवयी लिहून कळविल्या. मग कोण केव्हां व कशानें मेला याची पन्नास वर्षें नोंद ठेवली गेली. इ. स. २००४ मध्यें निकाल बाहेर आला : आयुष्यभर सिगारेट ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षां सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतो. आणि त्याच निकालांत दुसरी गोष्ट होती, ती येथें बसलेल्या केस पिकलेल्या मंडळींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. साठाव्या वर्षीं ज्यानें सोडली त्यास सुमारें तीन वर्षें परत मिळालीं. पन्नासाव्या वर्षीं सोडणारास सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिसाव्या वर्षीं सोडणारास जवळजवळ सगळीं दहा. 'आतां सोडून काय उपयोग ?' या म्हणण्यास यापुढें आधार उरला नाहीं.

ते साहेब लोक, आपलें तसें नाहीं, असेंही कोणी म्हणेल. तर आपल्याच देशांतील लाखों घरांची चौकशी करून इ. स. २००८ मध्यें एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तींत दिसलें कीं, बिडी पिणाऱ्या पुरुषाचीं सुमारें सहा वर्षें जातात व बिडी पिणाऱ्या स्त्रीचीं आठ. आणि तीस ते एकुणसत्तर या वयांत जे पुरुष मरतात, त्यांत पांचांपैकीं एकाचें मरण धुराच्या खातीं जमा होतें. त्यांतही आपल्याकडचा विशेष असा कीं, हा धूर केवळ कर्करोगानें मारीत नाहीं, तर क्षयानें मारतो. चेन्नईकडील पाहणींत क्षयानें मेलेल्या पुरुषांपैकीं जवळजवळ निम्म्यांचें मरण धूम्रपानाशीं जोडलेलें आढळलें. ही पाहणी इ. स. २००३ सालीं प्रसिद्ध झाली आहे. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. तें घ्यावयाचें, आणि गोळी गिळून लगेच बिडी पेटवावयाची, म्हणजे एका दारानें चोरास हांकलून दुसरें दार उघडें टाकण्यासारखें आहे.

आमच्या पंचक्रोशींतील एक गोष्ट सांगतों. नांव सांगत नाहीं. तीस-बत्तीस वर्षांचा गडी, अंगानें खमका, रोज दोन कट्टे ओढणारा. चालतां चालतां पिंढरींत गोळे येऊं लागले, पुढें पायाचीं बोटें थंड पडूं लागलीं, मग अंगठा काळा झाला. घरच्यांनीं बाधा म्हणून देवऋषी केला, कोंबडें दिलें. दोन महिने त्यांत गेले. नंतर जिल्ह्याच्या इस्पितळांत नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं पाहतांच विचारलें, 'बिडी किती ?' या रोगास बर्जरचा रोग म्हणतात. तरुण वयांत, आणि जवळजवळ नेहमीं तंबाखूच्याच आहारीं गेलेल्यांस तो होतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. यावर खरें औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाहीं, दिवसाची एक ठेवूनही भागत नाहीं. या गड्याचीं प्रथम दोन बोटें कापलीं. तो इस्पितळाच्या जिन्याखालीं जाऊन ओढीत राहिला. वर्षाच्या आंत गुडघ्याखालून पाय गेला. त्याच खोलींत त्याच रोगाचा दुसरा एक इसम होता. त्यानें पहिल्या दिवशींच काड्यापेटी बायकोच्या हवालीं केली. तो आज दोन पायांनीं चालतो आहे.

आतां आपले नेहमींचे आक्षेप घेऊं. पारावर बसलें कीं पहिला आक्षेप असा येतो : 'गुरुजी, आमच्या आज्यानं ऐंशी वर्षं चिलीम वढली, त्याला काय झालं ?' आज्यास कांहीं झालें नाहीं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आज्याबरोबर चिलीम ओढणारे सोबती कोठें आहेत, याचीही मोजदाद करावी. जे वांचले ते पारावर बसून साक्ष देतात. जे पन्नाशींत गेले त्यांस सभेस बोलावतां येत नाहीं. त्यांच्या विधवा मात्र या सभेंत आहेत.

दुसरा आक्षेप : बिडीनें शीण जातो. निकोटिन कांहीं सेकंदांत मेंदूंत पोंचतें, व बरें वाटतें, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण तें अर्ध्याएक तासानें उतरूं लागलें कीं अंग मोडून येतें, चीड येते, मन लागत नाहीं. मग दुसरी बिडी. म्हणजे दुसऱ्या बिडीनें जो शीण गेला, त्यांतला पुष्कळसा पहिल्या बिडीनेंच आणलेला होता. सावकाराच्या व्याजाचा हिशेब ज्यांस कळतो, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

तिसरा आक्षेप लोक सभेंत बोलत नाहींत, घरीं येऊन हळूच बोलतात : सकाळीं बिडीवांचून परसाकडे होत नाहीं. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. निकोटिनामुळें आंतड्यांस चाळवण्याची संवय लागते. सोडल्यावर कांहीं दिवस अडचण होते, नंतर आंतडें आपलें काम आपण करूं लागतें. तोंवर उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी प्यावें, जेवणांत पालेभाजी व भाकर वाढवावी. बस्स, एवढेंच.

कोणी असेंही म्हणतात कीं, बिडीनें माणसें जोडलीं जातात. ज्याच्या घरचें पाणी पिणार नाहीं, त्याच्या बिडीवर बिडी पेटवितात. हें खरें आहे, आणि लाजिरवाणें आहे. ज्याचा विस्तव चालतो त्याचें पाणी कां चालूं नये ? माणसें जोडावयाचीं तर पाणवठ्यावर आणि पंगतीस जोडावीं. त्यासाठीं सर्वांनीं मिळून छाती जाळण्याचें कारण नाहीं.

आतां थोडें घराकडे येऊं. रोज वीस रुपयांचा कट्टा धरला, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. वीस वर्षांचे १,४६,००० रुपये. यांत औषधपाणी धरलेलें नाहीं, बुडालेली मजुरी धरलेली नाहीं. सरकारच्या कराविरुद्ध आपण मोर्चा काढतों, तहसील कचेरीपुढें बसतों. हा कर मात्र आपण होऊन दुकानांत नेऊन भरतों, आणि पावतीही मागत नाहीं. आमच्या वर्गांत तिसरींतला एक मुलगा पैशाचीं उदाहरणें फार चटकन सोडवीत असे. आम्हांस कौतुक वाटलें. विचारतां कळलें कीं, रोज सकाळीं वडिलांचा कट्टा व काड्यापेटी आणून उरलेली मोड मोजून देण्याचें काम त्याच्याकडे आहे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें, तसेंच शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तिचें दुकान मांडणें, हें इ. स. २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा दुकानदारास धरील. पण मुलाच्या हातीं पैसे देऊन धाडणाऱ्या बापास कोण धरणार? आणि मधल्या सुटींत शाळेमागें जाऊन ओढणारे आमचेच कांहीं शिक्षकबंधु आहेत, त्यांस तर मुलांपुढें उभें राहण्याचा संकोच वाटला पाहिजे. बंद खोलींतला धूर जवळ निजलेल्या लेकराच्याही छातींत जातो. दमा, न्यूमोनिया, कान वाहणें हे विकार अशा घरांतल्या मुलांस अधिक होतात. चुलीच्या धुरांत आधींच खोकणाऱ्या आमच्या बहिणींस हा दुसरा धूर कशासाठीं ?

बिडी सोडली म्हणून तंबाखू मळून गालांत धरली, किंवा मिसरी सुरू केली, तर तें सोडणें नव्हे. इ. स. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांत धूर ओढणारीं प्रौढ माणसें शंभरांत चारांहून कमी, पण तोंडांत तंबाखू घेणारीं शंभरांत चोवीस निघालीं. तिचा हिशेब निराळा आहे, तोंडाच्या कर्करोगाचा आहे, आणि त्यावर स्वतंत्र बोलावें लागेल.

एक प्रश्न मात्र आम्ही टाळणार नाहीं. सर्वांनीं बिडी सोडली, तर ती वळणाऱ्यांनीं खावें काय ? सोलापूर, सिन्नर या बाजूस हजारों बाया सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळतात. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत वैशाखाच्या उन्हांत पानें तोडलीं जातात. वळणारीच्या बोटांतून व श्वासांतून तंबाखूची धूळ तिच्याही अंगांत जाते, आणि आईच्या हजाराचा आंकडा पुरा करण्यासाठीं मुलगी शाळा चुकविते, हें शिक्षकास कळतें. धंदा ज्यांच्या जिवावर चालतो, तीं ओढणारीं आणि वळणारीं, दोन्हीं आपलीच माणसें आहेत. फायदा तिसरीकडे जातो. केरळांत कण्णूर येथें इ. स. १९६९ मध्यें कारखानदारांनीं काम बंद केल्यावर कामगारांनीं स्वतःची दिनेश बिडी सहकारी संस्था काढली. पुढें बिडीचा खप घटूं लागला, तेव्हां त्याच संस्थेनें मसाले, लोणचीं, छत्र्या व कपडे करण्याचें काम हातीं घेतलें. सगळ्यांस पुरेसें काम मिळालें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण बिडीवांचून दुसरें कांहीं करतांच येत नाहीं, हें म्हणणें तेथें खोटें ठरलें. वळणाऱ्या बाईचें पोट भरावें म्हणून ओढणाऱ्यानें मरावें, ही दया आम्हांस समजत नाहीं.

सोडावी कशी, तें सांगून संपवितों. एक दिवस ठरवावा. मुहूर्त पाहण्याचें कारण नाहीं. अमावास्येस औत बंद असतें, तो दिवसही चालेल. आदल्या रात्रीं घरांतले कट्टे, काड्यापेट्या, चिलीम, सर्व बाहेर काढावें, व बायकोमुलांस सांगावें कीं उद्यांपासून बंद. हळूहळू कमी करूं म्हणणाऱ्यांपेक्षां एकदम सोडणारे अधिक टिकतात, असें दिसून आलें आहे. पहिले तीन दिवस कठीण जातात. डोकें दुखतें, झोंप उडते, पोरांवर खेकसणें होतें. घरच्या माणसांनीं तेवढें सोसावें. तलफ येते ती चारपांच मिनिटें जोर करते व ओसरते. तेवढ्या वेळांत पाणी प्यावें, बडीशेप किंवा लवंग चघळावी, उठून चार पावलें टाकावीं. चहा झाल्यावर व जेवण झाल्यावर ती हटकून येते, म्हणून त्या वेळीं बिडीवाल्या सोबत्यांत बसूं नये. दोनचार आठवड्यांत जोर मोडतो. वर्षभर टिकलें तर हृदयविकाराचा जो अधिक धोका होता तो निम्म्यावर येतो. मधेंच कोणी घसरला, तर त्याची थट्टा करूं नये. पुष्कळांस तीनचार वेळां सोडावी लागते. ज्यांस अगदींच जमत नाहीं त्यांच्यासाठीं औषधें आहेत, आणि १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. तो बिडीच्या बंडलावरही छापलेला असतो, वाचून घ्यावा.

आणखी एक. फडावर व भट्टीवर दर दोन तासांनीं सर्व गड्यांस, ओढणाऱ्यांस व न ओढणाऱ्यांस, दहा मिनिटें बसूं द्यावें, असें आम्हीं गांवांतल्या दोन मुकादमांपाशीं बोलणें केलें. एकानें मान्य केलें. दुसरा हंसला. त्याच्याकडे पुन्हा जावयाचें आहे, व त्या वेळीं आमच्याबरोबर कामावरचीं दहापंधरा माणसें असावीं अशी आमची इच्छा आहे. येत्या सोमवारीं संध्याकाळीं सहा वाजतां प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई शाळेंत येणार आहेत. त्या छाती तपासतील, रक्तदाब पाहतील, व ज्यांस खोकला दोन आठवड्यांहून अधिक आहे त्यांचा बेडका तपासणीस नेतील. कोणाचें नांव भोंग्यावर पुकारलें जाणार नाहीं. ज्यांस यावयाचें त्यांनीं यावें; कट्टा खिशांत असला तरी हरकत नाहीं.